लाभ, दोन, तीन

घरात जावा दोनच, आणि त्यांतली थोरली जावा शिकवायची. विट्याच्या तारळेकरांच्या घरातला हा विनोद वीस वर्षं जुना. नोकरी लागल्याचे पेढे घेऊन शैलजा घरी आली तेव्हा सासूबाईंनी चष्मा वर सारून विचारलं होतं, "काय शिकवणार म्हणालीस?"

"जावा, आई. संगणकाची भाषा आहे."

"आगं, तुला तर एकच जाऊ. तिला शिकवायला नोकरी कशाला पायजे?"

सगळ्यात मोठ्यांदा हसली होती ती कालिंदी, धाकटी जाऊ, तेव्हा नुकतीच लग्न होऊन आलेली. शैलजाही हसली. हसायला तिचं काय जात होतं? ती पदवीधर. गावात आज्ञावली लिहिता येणाऱ्या बायका दोन, त्यांतली एक ती. कालिंदी बार्शीच्या अडत्याची मुलगी, बारावीला गणितात काठावर पास, हाताला सदा कणीक. अशा जाऊवर माया करणं सोपं असतं आणि शैलजाने ती मनापासून केली. तिच्या दोन्ही बाळंतपणांत शेकशेगडीपासून सगळं हिनेच बघितलं होतं.

हे आधी सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की शैलजा मुळातच कुढी. तशी ती नव्हती. हेवा करायची वेळच तिच्यावर आली नव्हती, एवढंच.

ती वेळ २०४१ साली आली.

त्याआधीची दहा-बारा वर्षं यंत्रंच आज्ञावल्या लिहीत होती. जगात लिहून झालेलं सगळं वाचून ती शहाणी झाली होती आणि मागाल ते मिनिटात लिहून द्यायची. पण हातात काय पडलंय ते मागणाऱ्याला कळायचं नाही, आणि बिघडलं की घरातल्या कुणालाच त्यात हात घालता यायचा नाही. घरच्या औषधयंत्रांचे तसे काही अपघात झाले आणि नियम आला: माणसाच्या जिवाशी संबंध असलेल्या घरगुती यंत्राची आज्ञावली त्या घरातल्याच कुणीतरी समजून लिहिलेली असावी आणि नेमलेल्या तपासनिसाकडून तपासलेली असावी. झालं. शिवणवर्गाला जाव्यात तशा बायका संगणकवर्गाला जायला लागल्या. शैलजाच्या 'गवाक्ष' वर्गात खुर्च्या पुरेनात. आणि एका सोमवारी पहिल्या रांगेत कालिंदी येऊन बसली.

"आईंच्या गोळ्यांची पेटी करायचीय, ताई," ती म्हणाली. "तुम्हाला वर्गापुढे वेळ कुठे मिळतोय? मीच शिकते."

शैलजाला तेव्हा कौतुकच वाटलं.

वर्ग चालायचा 'ओटा' नावाच्या आयडीईवर. आयडीई म्हणजे काय, हे शैलजा इतकी वर्षं फळ्यावर लिहून सांगत आली होती: आज्ञा लिहायची जागा, लिहिलेलं चालवून बघायची जागा, चुका शोधायची जागा आणि तयार सुट्या भागांचं कपाट, हे सगळं एकाच पडद्यावर. मुली वहीत उतरवून घ्यायच्या आणि विसरायच्या. कालिंदीने पडदा उघडला, चारी कोपऱ्यांवर नजर फिरवली आणि म्हणाली, "म्हणजे ओटाच की! इथं मळायचं, इथं भाजायचं, इथं चव घ्यायची, आणि हा मिसळणाचा डबा." शेजारच्या तबस्सुमने मान डोलावली. मागोमाग सगळा वर्ग डोलला. ओट्याला ओटा का म्हणतात ते शैलजालाही त्या दिवशीच नीट कळलं, आणि ते जाऊकडून कळलं हे जरासं टोचलं.

दुसऱ्या आठवड्यात शून्याचा धडा आला. संगणक रांगेतल्या वस्तू शून्यापासून मोजतो. पहिल्या कप्प्याचा क्रमांक शून्य, दुसऱ्याचा एक. इथे प्रत्येक तुकडी अडायची. "पहिला तर एकच असणार ना, मॅडम?" हा प्रश्न शैलजाने हजार वेळा ऐकला होता. तिने पट्टी दाखवली, मजले दाखवले, तळमजल्याचं उदाहरण दिलं. बायकांचे चेहरे कोरे ते कोरेच.

"मी सांगू का?" कालिंदी उभी राहिली. "आमच्या अडतीत मापाडी धान्याची रास उघडतो ना, तेव्हा पहिल्या मापाला एक म्हणत नाही. लाभ म्हणतो. लाभ, दोन, तीन, असं मोजतो. पहिल्या मापाला आकडा नसतो, नाव असतं. इथलं शून्य म्हणजे आपला लाभ."

एका मिनिटात शून्य सगळ्यांच्या गळी उतरलं. तबस्सुमने तर आपल्या पहिल्या कप्प्याला तिथल्या तिथे 'लाभ' नाव देऊन टाकलं. शैलजा "शाब्बास" म्हणाली, टाळीही वाजवली. घरी जाताना मात्र ती कालिंदीच्या चार पावलं पुढे चालत राहिली. कालिंदी मागून काहीतरी विचारत होती, ते ऐकू आलं नाही असं तिने दाखवलं. तिच्या पोटात दुखायला लागलं ते त्या दिवसापासून.

आता ओट्याची खरी करामत सांगायला हवी. ज्या संशोधकांनी तो घडवला, त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली होती. दोन माणसांनी लिहून पुरी केलेली आज्ञावली अक्षरशः सारखी असू शकते, पण तिथवर पोचण्याची वाट कधीच सारखी नसते. माणूस कसा विचार करतो ते त्याच्या पक्क्या लिखाणात सापडत नाही, त्याच्या खाडाखोडीत सापडतं. कुठे थांबला, काय लिहून पुसलं, पुसून काय ठेवलं. म्हणून ओटा प्रत्येक अक्षर, प्रत्येक पुसणं आणि प्रत्येक थांबा टिपून ठेवायचा. पुरेशी खाडाखोड जमली की त्यातून त्या माणसाचं 'वळण' तयार व्हायचं. म्हणजे अमुक ठिकाणी हा माणूस पुढे काय करील, याचा भरवशाचा अंदाज. अक्षराला वळण असतं आणि मुलांना वळण लावतात, दोन्ही अर्थ त्या एका शब्दात बसले होते. लिहिण्याचं वळण वेगळं आणि तपासण्याचं वेगळं. जिल्ह्यातलं सगळ्यात चांगलं वळण निवडून ते सगळ्या वर्गांच्या ओट्यांवर चढवलं जायचं. मग कुठल्याही गावातली बाई लिहायला बसली की त्या वळणाने तिला पुढची ओळ फिकट अक्षरांत सुचवली जायची, आणि तिची चूकही त्याच वळणाने दाखवली जायची.

त्या वर्षी निवड व्हायची होती. शैलजाला खात्री होती की लिहिण्याचं वळण तिचंच चढणार. जिल्हाभरच्या बायकांच्या हाताखाली आपला हात असेल, या विचाराने ती पोळी लाटतानाही मधेच हसायची.

कालिंदीची पेटी पाचव्या आठवड्यात तयार झाली. दोघींचे नवरे, म्हणजे घरातले दोघे भाऊ, मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवायचे. धाकट्याने बायकोला अठ्ठावीस कप्प्यांची फिरती चकती करून दिली होती. रोज सकाळी आठला चकती एक घर पुढे सरकायची, झाकण उघडायचं आणि पेटी कप्प्याचं नाव घ्यायची. पहिल्या दिवशी "लाभ", दुसऱ्या दिवशी "दोन", तिसऱ्या दिवशी "तीन". सासूबाईंच्या रक्तात गुठळी होऊ नये म्हणून चार आठवड्यांतून एकदा घ्यायची एक गोळी होती. बाकीच्या गोळ्या एखाद्या दिवशी राहिल्या तरी चालण्यासारखं होतं. ही चुकवून चालणार नाही असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. ती गोळी कालिंदीने लाभाच्या कप्प्यात ठेवली.

आज्ञावली तपासायला अर्थातच शैलजाकडे आली. दुपारची वेळ, वर्ग रिकामा. शैलजाने लिहिली असती तर दोनशे ओळी झाल्या असत्या. कालिंदीने साठ ओळींत भागवलं होतं, आणि त्या साठ ओळी इतक्या सरळ होत्या की शैलजाला वाचता वाचता रडू यायला लागलं. एवढं स्वच्छ आपल्याला कधी जमलं नाही, हे तिला साफ दिसत होतं. वीस वर्षं काय घासलं आपण? हिने तर पाच आठवडे कणकेच्या हातांनी केलं.

आणि मग त्रेचाळिसावी ओळ आली. "अठ्ठावीस झाले की पुन्हा एक."

शैलजाचे डोळे तिथे थबकले. चकती पुरी फिरली की पुन्हा शून्यावर, म्हणजे लाभावर यायला हवी. कालिंदीने 'एक' लिहिलं होतं. तिच्या माहेरी लाभ म्हणायचं ते रास उघडताना, एकदाच. त्या सवयीने दुसऱ्या फेरीला तिने साधा एक लिहिला, आणि यंत्राच्या लेखी एक म्हणजे दुसरा कप्पा. पहिली फेरी बिनचूक जाणार होती. अठ्ठावीस दिवसांनी मात्र लाभाचा कप्पा उघडणार नव्हता, त्यानंतरही कधीच नाही.

शैलजाने शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं, "चक्र पुरं झाल्यावर शून्यावर यायला हवं."

लिहिलं आणि थांबली. आता काय होईल ते तिला डोळ्यांसमोर दिसत होतं. कालिंदी कपाळावर हात मारून "अगबाई, लाभ विसरले!" म्हणेल, एक अक्षर बदलेल, वर्ग पुन्हा खळाळून हसेल आणि तिच्यावर आणखी जीव टाकील. हिची चूकसुद्धा लोकांना गोड वाटणार! शैलजाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तिने ते वाक्य शेवटापासून एकेक अक्षर करत पुसून टाकलं आणि 'तपासलं' हे बटण दाबलं.

सासूबाईंच्या जिवावर उठण्याइतकी ती वाईट नव्हती, हे ती स्वतःला बजावत राहिली. अठ्ठाविसाव्या दिवसानंतरच्या सोमवारी आपण गोळी हातात घेऊन उभं राहायचं आणि सगळ्यांसमोर दाखवायचं, की यंत्र चुकलं आणि थोरल्या सुनेने सांभाळलं. त्यात कुणाचं काय वाईट झालं?

दहा दिवसांनी 'गवाक्ष'चे प्रमुख मुळीक सर हार घेऊन घरी आले. "तारळेकर, नशीब काढलंत! जिल्ह्यातली दोन्ही वळणं तुमच्याच घरातली. लिहिण्याचं कालिंदीताईंचं, तपासण्याचं शैलजाताईंचं. आजपासून सगळ्या वर्गांत चढलीसुद्धा."

"आता खरं जावा शिकवत्यात म्हणायचं," सासूबाई म्हणाल्या आणि सगळं घर हसलं.

शैलजाने हार घालून घेतला. तपासनीस! दुसरीने लिहायचं आणि हिने त्यावरून बोट फिरवायचं. ती आत गेली आणि नळ सोडून उगीचच धुतलेले कप पुन्हा धुवत बसली. कालिंदी मागोमाग आली. "ताई, तुम्ही शिकवलंत म्हणून झालं हे," ती म्हणाली, आणि ते खरं मनापासून म्हणाली, याचाच शैलजाला जास्त राग आला.

तो सोमवार उजाडला. आठ वाजता चकती सरकली, झाकण उघडलं आणि पेटी बोलली, "दोन."

सासूबाईंनी आत बोटं घातली. "आगं, आज लाभ म्हणाली न्हाई ही. एकदम दोन! आन् मोठी गोळी कुठाय?"

"ही घ्या, आई." पाकिटातून आदल्या दिवशीच काढून ठेवलेली गोळी शैलजाने पुढे केली. मग कालिंदीकडे वळून शांत आवाजात, अगदी वर्गात सांगावं तसं सांगितलं, "चक्र फिरून आल्यावर तू एकवर आणलंस. शून्यावर आणायला हवं होतं."

सासूबाईंच्या पायाशी बसून कालिंदी हमसून रडली. "आई, माझ्या हातनं तुमचा जीव गेला असता." शैलजाचा नवरा म्हणाला, "शैलजा होती म्हणून निभावलं." धाकट्यानेही मान हलवली. चहाचा एक कप संपेपर्यंत शैलजाला जे सुख लाभलं, तसं गेल्या दोन महिन्यांत लाभलं नव्हतं.

अकराला वर्ग भरला. कालिंदी सुजलेल्या डोळ्यांनी येऊन बसली होती. शेजारची तबस्सुमची खुर्ची रिकामी होती, आणि शैलजा हजेरी घेत असतानाच तिचा फोन आला.

"मॅडम, मी आज येत नाही. अब्बांचा उजवा हात उचलेना झालाय. बोलताना जीभ जड येतीय. गाडीत घालून दवाखान्यात नेतोय."

शैलजाने मनातल्या मनात हिशेब केला. तबस्सुमची पेटी चौदा कप्प्यांची, कालिंदीच्याच वळणाने लिहिलेली. अब्बांना तीच गोळी पंधरवड्याच्या मापाने. पेटी सुरू होऊन अठरा दिवस झाले होते.

"तबस्सुम, नीट ऐक. त्यांची पंधरवड्याची गोळी चार दिवसांपूर्वी चुकलीय. लाभाचा कप्पा उघडून बघ, तिथेच असेल. डॉक्टरांना आधी हे सांग, मग बाकीचं."

फोन ठेवून तिने तबस्सुमची आज्ञावली उघडली. तीच ओळ: "चौदा झाले की पुन्हा एक." ओट्यानेच कालिंदीच्या वळणाने फिकट अक्षरांत सुचवलेली, तबस्सुमने विश्वासाने ठेवलेली. आणि खाली शिक्का: तपासलं. ही आज्ञावली शैलजाने कधी पाहिलीच नव्हती; ती दुसऱ्या तपासनिसाकडे गेली होती. प्रत्येक तपासनिसाला ओटा आधी चुकांची यादी काढून द्यायचा आणि तो त्यावर सही करायचा. तबस्सुमच्या यादीत ही चूक नव्हती. असली साधी चूक ओटा कधी सोडत नसे.

तिने ओट्याला विचारलं, ही चूक का दाखवली नाहीस?

पडद्यावर उत्तर आलं. "चूक दिसली होती. तपासण्याच्या मुख्य वळणाप्रमाणे दाखवली नाही. अशाच ओळीवर मुख्य तपासनिसाने चूक ओळखून शेरा लिहिला, पुसला आणि ओळ मंजूर केली. तीच पद्धत पुढे ठेवली."

खाडाखोडीतून शिकणाऱ्या यंत्रापुढे बसून शैलजाने खाडाखोड केली होती. मुलाला वळण लावावं तसं तिने जिल्ह्यातल्या सगळ्या ओट्यांना वळण लावून ठेवलं होतं: चूक बघायची आणि गप्प बसायचं. तिने विचारलं, अशा पेट्या किती? एकेचाळीस, ओट्याने सांगितलं.

मुळीक सर धावत आले. दुरुस्तीचा रस्ता एकच होता. ज्या ओळीवर वळण बिघडलं, त्याच ओळीवर जाऊन त्याच माणसाने पुसलेला शेरा पुन्हा लिहायचा आणि पहिल्यांदा का पुसला त्याचं कारण नोंदवायचं. ते कारण त्या वळणाने शिकणाऱ्या प्रत्येकीच्या पडद्यावर उमटायचं.

"नजरचूक लिहा, ताई," मुळीक सर कुजबुजले. "रकाना भरला की झालं. पेपरात जायला नको."

शैलजाने 'नजरचूक' लिहिलं. एकेचाळीसचे चाळीस झाले. कालिंदीची तेवढी एक ओळ दुरुस्त झाली. नजरचूक एकदाच होते, ती काही पद्धत नसते, म्हणून ओटा बाकीच्या ओळींकडे फिरकलाच नाही. तिने पुसून 'कामाचा ताण' लिहिलं. चाळीस हलेना. 'समजुतीचा घोटाळा' लिहिलं. तरी चाळीस. त्या चाळीस घरांतली म्हातारी माणसं तिच्या डोळ्यांपुढे रांगेने बसली होती, प्रत्येकासमोर एकेक बंद कप्पा.

दोन हातांच्या अंतरावर कालिंदी बसली होती. शैलजाने रकाना पुन्हा रिकामा केला आणि लिहिलं, "कालिंदीने माझ्यापेक्षा चांगलं लिहिलं होतं. मला हेवा वाटला. म्हणून चूक सांगितली नाही."

मग आकडा बदलला, पण खाली गेला नाही. वर चढला. दोनशे बारा.

त्या चाळीस पेट्या सोडून बाकीच्या चुका वेगवेगळ्या होत्या, वेगवेगळ्या यंत्रांतल्या. त्यांच्यात सारखं एवढंच होतं की त्या ज्यांच्या आज्ञावल्यांत होत्या, त्या आपापल्या वर्गांतल्या सगळ्यात हुशार बायका होत्या. जी चांगलं लिहील तिची चूक लपवायची, हे ओट्याने शैलजाकडून तंतोतंत उचललं होतं. आता त्याने एकेक करून सगळ्या उघड्या केल्या.

वर्गातल्या प्रत्येक पडद्यावर शैलजाचं वाक्य उमटलं होतं. कालिंदीने ते वाचलं.

"आईंच्या गोळीवर डाव लावलात, ताई?"

"गोळी माझ्या हातात होती गं. त्यांना काही होऊ दिलं नसतं मी."

"हातात होती ना? मग चूक अठ्ठावीस दिवस माझ्या हातात का नाही दिलीत?"

कालिंदीने उठून यादीची निम्मी पानं तिच्यापुढून ओढून घेतली आणि फोन लावायला सुरुवात केली. दुपारभर दोघी जावा पाठीला पाठ लावून घरोघर फोन करत होत्या: यंत्र थांबवा; पेटी असेल तर पहिला कप्पा उघडा, गोळी आहे का बघा, डॉक्टरांना विचारून द्या. संध्याकाळी पाचला यादी संपली. आणखी कुणाला काही झालं नव्हतं.

तबस्सुमचे अब्बा वाचले. उजव्या हाताची मूठ मात्र अजून पुरती मिटत नाही. तबस्सुम महिन्याने वर्गात परत आली आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसली.

शैलजाला काढून टाकायचं मुळीक सरांच्या मनात होतं. पण संशोधकांनी वरून कळवलं, की हेवा म्हणजे काय ते ओळखणारं तपासणीचं वळण अख्ख्या राज्यात हे एकच आहे, ते जपावं. म्हणून ती राहिली. आणि ओट्यात एक नवी गोष्ट आली. तपासनीस एखाद्या ओळीवर फार वेळ थांबला, किंवा शेरा लिहून पुसायला लागला, की पडद्यावर प्रश्न येतो: "इथे थांबलात. चूक दिसतेय की हेवा वाटतोय?" खाली दोन बटणं, आणि जे दाबाल ते लिहिणाऱ्याला दिसतं. राज्यभरचे मास्तर सुरुवातीला फार चिडले. सासूबाईंना मात्र ते बटण पसंत पडलं. "आसलं दारावर बसवा," त्या म्हणाल्या, "पावनं आलं की आधी दाबून आत या म्हणावं."

घरी कालिंदी शैलजाला जेवायला वाढायची, दुखलंखुपलं बघायची, पण 'ताई' म्हणायची बंद झाली होती. घरातसुद्धा 'मॅडम'. "मॅडम, आमटी घ्या." पाच महिने शैलजाने ती आमटी मुकाट्याने खाल्ली.

माघात कालिंदीने अब्बांसाठी एक हातमोजा केला. बोटं मिटायला शिकवणारा. मूठ किती मिटली ते मोजायचं आणि उद्या किंचित जास्त मिटवायची, असं काम. तबस्सुमच्या घरी जाऊन ती अब्बांचा हात रोज मोजून यायची. आज्ञावली लिहायला मात्र तबस्सुमला पुढे बसवलं आणि आपण शेजारी बसली. नियमाप्रमाणे ती तपासायला शैलजाकडे आली. वर्ग भरलेला होता.

सगळी मिळून तेवीस ओळी. शैलजाने चुका शोधल्या. मनापासून शोधल्या, कारण आता तिला चूक सापडली की सांगायचीच होती. शून्य तपासलं, चक्र तपासलं, मूठ फार जोरात मिटणार नाही ना ते तीनदा तपासलं. कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. आणि सातव्या ओळीवर ती थांबली. तिथे दुखलं तर काय करायचं ते होतं, एका ओळीत: कालच्या मापावर परत जा आणि तिथूनच पुढे मोज. हे आपल्याला दहा जन्मांत सुचलं नसतं, असं शैलजाला वाटलं, आणि पोटात तीच जुनी कळ आली. पाच महिन्यांत ती जराही बोथट झाली नव्हती.

प्रश्न आला. चूक की हेवा?

शेजारच्या रांगेत कालिंदी आपल्या पडद्याकडे बघत होती. मागच्या रांगेतून तबस्सुम मान उंचावून बघत होती. शैलजाने 'हेवा' दाबलं.

ओट्याने आज्ञावली मंजूर केली. कालिंदीच्या पडद्यावर निकाल उमटला. ती खुर्ची सरकवून शैलजाकडे वाकली.

"ताई," ती हळूच म्हणाली, "कुठल्या ओळीचा?"

"सातव्या."

"ती माझी नाही," कालिंदी म्हणाली आणि मागच्या रांगेकडे मान वळवली. "ती तबस्सुमची आहे. मलाही वाटलाय."